फायबर म्हणजे काय रे भाऊ?

मराठी माणसापुढे सुरतेचे नाव काढा, तो तडक १६६४ सालात जाऊन उभा राहतो. थोडे अधिक वाचन असले तर १९०७ पर्यंत येतो. त्या डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनात टिळकांचा गट आणि फिरोजशहा मेहतांचा गट समोरासमोर आले, एक जोडा व्यासपीठावर येऊन आदळला, आणि तो जोडा दक्षिणी बनावटीचा होता म्हणून आम्हांला आजही उगाचच बरे वाटते. खाण्यापिण्याचा शौकीन असला तर 'सुरतेचे जेवण नि काशीचे मरण' ही म्हण ऐकवतो. मला मात्र गेल्या वर्षापासून सुरत म्हटले की एकच वस्तू आठवते. एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवर भिंतीला ठोकलेली करड्या रंगाची पत्र्याची पेटी.

त्या पेटीकडे येतोच. आधी शब्दाचे बघू, कारण शब्दांची उठाठेव करण्याची आमची खोड जुनी आहे.

शब्द आहे 'फायबर'. सुरतेत उधन्याहून डिंडोलीकडे जाताना दर दहा पावलांवर हा शब्द दिसतो. विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर, पानाच्या गादीवर. हाय स्पीड फायबर, सुपर फायबर, अनलिमिटेड फायबर. आमच्या फोंड्यात, म्हापशात, डिचोलीतही तेच. शब्द ऐकला की वाटते, आता काचेचा धागा थेट आपल्या दिवाणखान्यात येणार. येतो का? पुष्कळदा येत नाही. आणि येत नाही हे तुम्हांला कोणी सांगतही नाही.

मुळात हा धागा म्हणजे काय? केसाएवढी बारीक काच, तिच्यातून जाणारा प्रकाश. प्रकाश काचेच्या कडेला आपटून पुन्हा आत वळतो आणि वळत वळत पुढे जातो, एवढेच. पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदर सिंग कपानी यांनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवले, आणि 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ केले तेही त्यांनीच. १९६६ साली चार्ल्स काव यांनी मांडले की काच पुरेशी शुद्ध केली तर हा प्रकाश मैलोन्‌मैल नेता येईल. २००९चे नोबेल काव यांना मिळाले, कपानींना नाही. (यावर स्वतंत्र लेख लिहिता येईल, पण आज तो विषय नाही.) आज घरोघर जी पद्धत वापरतात तिच्यात केंद्रातून निघालेला एक धागा वाटेत ३२ किंवा ६४ घरांमध्ये वाटला जातो. वाटेत वीज लागत नाही, वीस किलोमीटरपर्यंत चालतो. एका धाग्यावर सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट खाली येऊ शकतात आणि सव्वा गिगाबिट वर जाऊ शकतात. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. सगळे भांडण त्याचेच आहे.

आता बाजारात 'फायबर' या नावाने जे विकले जाते त्याचे तीन प्रकार. एक, धागा खरोखर तुमच्या घरातल्या डबीपर्यंत येतो. दोन, धागा इमारतीपर्यंत किंवा गल्लीच्या खांबापर्यंत येतो आणि तिथून पुढे तांब्याची तार, बहुधा जुन्या केबल टीव्हीचीच. तीन, धागा मोबाईलच्या मनोऱ्यापर्यंत येतो आणि पुढे सगळे हवेतून. तिन्हींची पाटी एकच. १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेशचतुर्थीचा मुहूर्त साधून, जिओने 'एअरफायबर' आणले. एअरटेलने त्याच नावाची सेवा महिनाभर आधी आणली होती. हवा आणि धागा! गच्चीवर किंवा खिडकीत एक यंत्र लावायचे, ते मनोऱ्याकडून लहरी पकडणार. सेवा चांगली असेल, वाईट असेल, तो प्रश्नच वेगळा. पण घरात धागाच नसताना धाग्याचे नाव? म्हापशाच्या बाजारात मानकुराद म्हणून दुसराच आंबा गळ्यात मारू पाहणाऱ्या विक्रेत्याला आपली गोव्याची बाई काय काय ऐकवते ते ज्याने ऐकले आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. इथे मात्र आपण सगळे गप्प. आंबा निदान कापल्यावर कळतो.

दुसऱ्या देशांत हे भांडण रीतसर झाले आहे. इटलीत तिथल्या नियामकाने २०१८ साली रंगांची चिठ्ठी लावायला लावली. धागा घरापर्यंत असेल तर हिरवी, काही अंतरापर्यंतच असेल तर पिवळी, धागा नसेलच तर लाल. बस. शाळेच्या पोरालाही कळावे. ब्रिटनमध्ये एक कंपनी या शब्दासाठी न्यायालयात गेली आणि २०१९ साली हरली. न्यायालयाने जाहिरातवाल्यांची बाजू उचलून धरली. पण पुढे तिथल्याच ऑफकॉम या नियामकाने ठरवले, आणि सप्टेंबर २०२४ पासून तिथे ग्राहकाशी करार करताना धागा घरापर्यंत असेल तरच 'फायबर' म्हणायचे. आपल्याकडे असली चिठ्ठी नाही. आपल्याकडे 'फायबर' हे विशेषण आहे, 'गावठी' किंवा 'स्पेशल' यासारखे.

आता पेटी.

माझी थोरली बहीण लग्न होऊन सुरतेला गेली त्याला पंचवीस वर्षे होऊन गेली. भावोजी मूळचे धुळ्याकडचे. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातून जी असंख्य कुटुंबे सुरतेच्या कापडगिरण्यांत आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली भागांत स्थिरावली त्यांपैकी एक. या वस्त्यांत हिंडताना आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होते. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत (तिथली पालिका गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते, ही गोष्ट आमच्याकडे माध्यमावरून चाळीस वर्षे डोकी फोडणाऱ्यांनी एकदा जाऊन बघावी), गणपतीत आरत्या आपल्याच. अहिराणी तर भाजीच्या गाडीपाशीच ऐकू येते.

ताई गाणे शिकवते. घरी येणाऱ्या मुली आहेतच; पण २०२० च्या टाळेबंदीत तिने फोनवरून शिकवायला सुरुवात केली ती थांबली नाही. फोंड्याच्या दोघी, साखळीची एक, शारजाची एक, पुण्याच्या तिघी. नाट्यगीते, अभंग, थोडे शास्त्रीय. तिच्या घरी 'फायबर' आहे. शंभर एमबीपीएसचे. दर महिन्याला नियमित पैसे जातात. आणि तरीही तिची तक्रार एकच.

"अरे, मला त्या सगळ्या स्पष्ट दिसतात, ऐकू येतात. पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी जातो. तान घेतली की मधलीच जागा गायब. आता मधली जागाच गेली तर मी शिकवते काय?"

भावोजींचे मत असे, की मुलींचेच फोन जुने असतील. मी रजेवर गेलो होतो, वेळ होता, मोजून बघितले. खाली येणारा वेग ९२. वर जाणारा वेग ३, संध्याकाळी कधी २. सांगितलेल्या शंभराला कंपनी जागली होती. वर जाणाऱ्याबद्दल तिने काही सांगितलेच नव्हते आणि ताईनेही विचारले नव्हते, कारण तेही विचारायचे असते हे कोण कोणाला सांगतो?

गच्चीवर गेलो. ती करडी पेटी तिथे. रस्त्याकडून आलेला काळा बारीक धागा तिच्यात शिरतो, आणि तिच्यातून बाहेर पडतात त्या केबल टीव्हीच्या जाड तारा, खाली चोवीस बिऱ्हाडांत. म्हणजे काचेचा धागा ताईच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर पंधरा मीटरवर येऊन थांबला होता. पैसे मात्र ती धाग्याचेच भरत होती.

इथे जरा तांत्रिक बोलतो, कंटाळू नका. केबलची तार जन्मली ती टीव्ही दाखवायला. माल घरात आणून टाकायचा, घरातून काही न्यायचे नाही. म्हणून तिच्यात लहरींचा जो रुंद पट्टा असतो त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग घराकडे येणाऱ्या वाहतुकीला दिलेला, आणि तळाशी एक चिंचोळी पट्टी घरातून बाहेर जाणाऱ्याला. तीसुद्धा सगळ्या बिऱ्हाडांत वाटलेली. टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचेही तेच. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये 'डेटावन' आणले तेव्हा आम्ही किती हरखलो होतो! त्या तंत्राच्या नावातच 'असमान' हा शब्द होता. देणे थोडे, घेणे फार. काचेच्या धाग्याला ही मर्यादा नाही. तो दोन्हीकडे सारखाच धावू शकतो.

आणि आता माझा खरा राग. आपल्या सरकारची ब्रॉडबँडची व्याख्या काढून बघा. २००४च्या धोरणात २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये ५१२. जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. (मधल्या काळात, २०१८च्या राष्ट्रीय धोरणात, २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस देण्याचे वचन होते. दोन कुठे, पन्नास कुठे!) पण आकडा सोडा. या व्याख्येत मोजतात तो वेग खाली येणारा. घरातून बाहेर जाणाऱ्याला किमान किती हवे याबद्दल अक्षर नाही. अमेरिकेच्या नियामकाने मार्च २०२४ मध्ये व्याख्या बदलली, ती '१०० खाली, २० वर' अशी. तिथेही वरचा आकडा लहानच, पण लिहिलेला आहे. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढल्यावर एक कळते, की जे नमुन्यात रकाना म्हणून छापलेले नाही ते सरकारच्या लेखी अस्तित्वात नाही.

म्हणजे आमच्या व्याख्येनुसार नागरिक कोण? पाहणारा. सिनेमा उतरवून घेणारा, मॅच बघणारा, खरेदी करणारा. गाणे शिकवणारी बाई त्या व्याख्येत बसत नाही. दशावताराचे प्रयोग चित्रित करून चढवणारा पेडण्याचा पोरगा बसत नाही. आजीच्या तोंडच्या धालोगीतांचे तीन तासांचे ध्वनिमुद्रण पुण्याच्या अभ्यासकाला पाठवू पाहणारी काणकोणची शिक्षिका बसत नाही. मोठ्या भाषांचे ठीक आहे, त्यांचा माल वर चढवायला मोठमोठी कार्यालये बसली आहेत. गोव्यातल्या मराठीसारख्या मुठीएवढ्या समाजाचे जे काही जगापुढे जायचे ते कुणाच्या तरी घरातूनच जाणार. भजनी मंडळाला कुठला आलाय स्टुडिओ? आम्हांला येणाऱ्या वेगापेक्षा जाणारा वेग अधिक महत्त्वाचा, आणि नेमका तोच मोजत नाहीत.

असो. पुढचे ऐका. मी म्हटले, दुसऱ्या कंपनीचा खरा धागा घेऊ. कंपन्या आहेत, सुरतेत काय कमी! फोन केला, दुसऱ्या दिवशी मुलगा आला, चांगला तरतरीत. "थई जशे, साहेब." रस्त्यावरच्या पेटीतून धागा आणायचा, जिन्याशेजारच्या पोकळीतून चौथ्या मजल्यावर, दार ओलांडून आत. जोडणीचे यंत्र बरोबर होतेच, एका तासाचे काम. खाली गेला आणि दहा मिनिटांत परत आला. सोसायटीची परवानगी नाही.

सोसायटीचे प्रमुख सज्जन गृहस्थ. चहा पाजला. म्हणाले, "भाई, एक वायर तो छे ने? बीजो शुं काम?" मग हळूच कळले ते असे, की त्या पोकळीचा मक्ता एकाच केबलवाल्याकडे आहे. तो सोसायटीला वर्षाकाठी काही रक्कम देतो, तीतून लिफ्टची दुरुस्ती होते. दुसऱ्याला आत घ्यायचे नाही असा लेखी करार. करार बिल्डरच्या वेळचा, सोसायटीला वारशाने मिळालेला. (प्रमुखांचा दोष नव्हे म्हणा. लिफ्ट चालू ठेवायचीच असते.)

आपल्या भाषेत याला सोपो म्हणतात. बाजारात बसायचे तर सोपो भरायचा, हे आपल्याला ठाऊक आहे. पण सोपो भरणाऱ्याने दुसऱ्या भाजीवाल्याला बाजारात शिरूच द्यायचे नाही, हे सोपोत बसत नाही. त्याहून चपखल दाखला आपल्या खाजन शेतीत आहे. खाजनाला बांध, बांधाला मानस. भरतीला दार मिटायचे, खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही. ओहोटीला उघडायचे, शेतातले जास्तीचे पाणी बाहेर सोडायचे. पाण्याची ये-जा नीट ठेवणे हे त्या दाराचे काम. मग त्या दारापाशी मिळणाऱ्या मासळीचा लिलाव सुरू झाला, आणि काही ठिकाणी लिलाव घेणाऱ्याने मासळीसाठी दार नको तेव्हा उघडे ठेवले. शेते खारावली. लिलावाचे पैसे शेतकऱ्यांच्याच संघटनेला मिळत होते, हे विशेष! आपलेच दार, आपणच लिलावात दिले, आणि आपलेच शेत गेले. सुरतेच्या त्या इमारतीत मला मानसच दिसली. चोवीस बिऱ्हाडांचे दार, लिफ्टच्या डागडुजीसाठी मक्त्याने दिलेले.

हे कायद्याने चालते का? आपल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, २० जानेवारी २०१७ रोजी नेमके याच विषयावर शिफारसी केल्या. इमारतीत शिरण्याचा हक्क एकाच कंपनीला देणारे करार होऊ देऊ नयेत, इमारतीच्या आतली व्यवस्था सर्वांना भेदभावाशिवाय मिळावी, असा त्यांचा रोख. पण शिफारस म्हणजे शिफारस. आम्ही कारकून लोक जाणतो, शिफारशीच्या फाईलवर 'पाहिले' लिहून ती पुढच्या टेबलावर सरकवता येते. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना जोडणीच्या दर्जानुसार तारे देण्याचे विनियम काढले, जसे फ्रिजला असतात तसे. तारे हवे असतील त्या मालकाने अर्ज करावा. लोक तार मागताहेत आणि हे तारे देताहेत!

आता दुसरी बाजूही मांडतो, कारण ती पोकळ नाही. प्रमुखांचे म्हणणे असे, की प्रत्येक कंपनीला शिरू दिले तर इमारतीचे मारुतीचे शेपूट होईल. भिंतींना भोके, भोकांतून पावसात ओल, बाहेरून लोंबणाऱ्या तारा. खरे आहे. आपल्या पणजीत वर मान करून बघा. पण यावरचा उपाय एकाला मक्ता देणे हा नाही. जिन्याशेजारी एकच बंदिस्त नळी टाका, तिच्यात सोसायटीच्या मालकीचे दोन-चार धागे प्रत्येक मजल्यावर न्या, आणि खाली पेटीशी जो येईल त्याला जोडू द्या. नळाचे पाणी कोणत्याही धरणाचे असो, घरातली पाइपलाइन आपली असते. काच आता तांब्याहून स्वस्त पडते, गंजत नाही, आणि जुन्या इमारतीत एकदा टाकली की पुढच्या पिढीचीही सोय झाली. केबलवाल्याचे वार्षिक पैसे बुडतील हे मान्य. चोवीस घरांत वाटून तो खड्डा किती पडतो याचे गणित मी तिथेच चहाच्या बशीशेजारी कागदावर करून दाखवले, तर माणशी महिन्याला बत्तीस रुपये आले. प्रमुख हसले. म्हणाले, मीटिंगमध्ये ठेवतो.

दुसरा आक्षेप माझ्या भाचीचा. "मामा, फाइव्ह-जी आहे ना. तार कशाला लागते कुणाला?" देशातले बहुसंख्य लोक तिच्याच बाजूचे आहेत. ट्रायच्या २०२४ अखेरच्या आकड्यांत मोबाईलवरून ब्रॉडबँड घेणारे नव्वद कोटींवर आणि तारेवरून घेणारे चार कोटींच्या आसपास. म्हणजे हे चार कोटी कोण आणि बाकीचे कोण, हा प्रश्न केवळ वेगाचा राहत नाही. आणि त्याचे उत्तर सुरतेनेच एकदा दिलेले आहे.

२५ ऑगस्ट २०१५. अहमदाबादच्या जीएमडीसी मैदानावर पाटीदारांची प्रचंड सभा झाली, रात्री दंगल उसळली, आणि गुजरातभर मोबाईल इंटरनेट बंद करण्यात आले. सुरतही त्यात आली. हुकूम निघाला तो कलम १४४ खाली, जे तेव्हा एरवी जमावबंदीसाठी वापरत असत. एक जनहित याचिका गुजरात उच्च न्यायालयात गेली. १५ सप्टेंबर २०१५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली, आणि पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. निकालातला एक मुद्दा मला झोप येऊ देत नाही. बंदी समर्थनीय ठरवताना हेही विचारात घेतले गेले, की बंद झाले ते फक्त मोबाईलवरचे. ब्रॉडबँड आणि वायफायवरून इंटरनेट चालूच होते.

कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेलही. सरसकट बंदीपेक्षा अर्धी बंदी बरी, हे तर्काला धरून आहे. पण त्या अर्ध्यात कोण राहिले ते बघा. ज्याच्या घरी तार होती त्याचे जग चालू राहिले. हिरे घासणारा, मागावर बसणारा, दहा-बाय-दहाच्या खोलीत चौघांबरोबर राहणारा कारागीर, त्याच्याजवळ फोनच काय तो. त्याचे जग बंद. १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असे हुकूम जाहीर केले पाहिजेत, बेमुदत असता कामा नयेत, आणि प्रमाणाबाहेर नसावेत. चांगली गोष्ट झाली. तरी घरातली तार आणि हातातला फोन यांतला फरक मिटलेला नाही. भाचीला मी हे सांगितले. ती २०१५ साली सातवीत होती. म्हणाली, हो, त्या दिवसांत शेजारच्या बिल्डिंगमधले वायफाय मागायला आम्ही जायचो.

या सुरतेलाच नळ आणि गटार म्हणजे काय ते देशात सर्वांआधी कळायला हवे होते, आणि एकदा कळलेही होते. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेग आला. लाखो लोक गाड्या भरून पळाले. तोवर समजूत अशी की गटार ज्याच्या दारात त्याचा तो प्रश्न. प्लेगने दाखवले की झोपडपट्टीतले तुंबलेले गटार बंगल्यातल्या माणसालाही मारते. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, अधिकाऱ्यांना एअरकंडिशनमधून उठवून रोज रस्त्यावर आणले, वस्त्यांत नळ, गटारे, फरसबंदी केली, आणि दोनच वर्षांत ते शहर देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत मोजले जाऊ लागले. त्यांनी प्रत्येक गल्लीचे गटार मक्त्याने देऊन 'बाकीच्यांनी बाजूच्या गल्लीत जावे' असे म्हटले नाही. तार ही आज त्याच जातीची वस्तू आहे असे माझे मत. केरळने हे मत सरकारी धोरण केले. के-फोन ही स्वतःची धाग्याची जाळी ५ जून २०२३ रोजी सुरू केली आणि वीस लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट गाठायला वेळ लागतो आहे, टीकाही पुष्कळ होते. पण निदान रकाना तरी छापला!

आमच्या गोव्याचे काय? १९१ पंचायतींचे इवलेसे राज्य. २०२० साली शाळा फोनवर भरू लागल्या तेव्हा सांगे आणि सत्तरीतली मुले सिग्नलसाठी डोंगर चढत होती. ती छायाचित्रे सगळ्यांनी बघितली, हळहळली आणि विसरली. २०२५ मध्ये वीज खात्याने खांबांवरच्या इंटरनेटच्या तारा उतरवायला घेतल्या, केबलवाले उच्च न्यायालयात गेले, आणि मग एकदम सगळ्यांना कळले की आपण 'फायबर' म्हणून ज्याच्यावर विसंबलो ते सार्वजनिक खांबांवर लोंबकळत होते. खात्याचे म्हणणे चूक नव्हते. खांब विजेचा आहे. पण तारेला स्वतःची जागा कोणती, याचे उत्तर पंचायतीकडेही नाही आणि पालिकेकडेही नाही. रस्ता दरवर्षी खणतो. एकदा पाण्यासाठी, एकदा गटारासाठी, एकदा विजेसाठी. त्याच चरात एक रिकामी नळी टाकून ठेवायला किती खर्च येतो? माझ्या टेबलावरून रस्ता खणण्याच्या परवानग्यांच्या फायली जातात म्हणून विचारतो.

ताईच्या सोसायटीची सभा अडीच महिन्यांनी झाली. माझा अर्ज वाचला गेला, त्यावर पाऊण तास गुजराती, हिंदी, मराठी आणि अहिराणी अशा चार भाषांत भांडण झाले म्हणे. केबलवाल्याने करार मोडल्यास वकिलाची नोटीस देऊ म्हटले. शेवटी तडजोड निघाली: पोकळीतून नाही, पण ज्याला हवे त्याने मागच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या गॅलरीतून, पट्टी मारून धागा घ्यावा. तो तरतरीत मुलगा परत आला, तासाभरात काम झाले. आता ताईचा वर जाणारा वेग ४० आहे. शारजाच्या मुलीला मधली जागा ऐकू येते. तळमजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांना मात्र मागची गॅलरी नाही, त्यांचे अजून अडले आहे, आणि त्यांच्यातल्या एका घरात पॉलिटेक्निकची मुलगी आहे.

फोंड्यात, मडगावात, पर्वरीत जे वाचक सोसायट्यांत राहतात त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेपूर्वी एक साधा अर्ज सचिवांकडे द्यावा. त्यात तीनच प्रश्न विचारा. एक, आपल्या इमारतीत तार आणण्याबाबत कोणाशी काही लेखी करार आहे काय, असल्यास त्याची प्रत. दोन, त्यात दुसऱ्याला मज्जाव करणारे कलम आहे काय, आणि मुदत कधी संपते. तीन, मुदत संपल्यावर तो पुढे चालवण्यापूर्वी विषय सभेपुढे येणार काय. ग्रामसभेत जाणाऱ्यांनी पंचांना विचारावे, की पुढचा रस्ता खणाल तेव्हा त्यात रिकामी नळी टाकण्याचे अंदाजपत्रकात धरले आहे काय. आणि नवी जोडणी घेणाऱ्याने विक्रेत्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: काच माझ्या दाराच्या आत येते का, आणि वर जाणारा वेग किती. पावतीवर लिहून मागा. अर्ज दोन प्रतींत करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यायला विसरू नका.